शेषराव मास्तरांचं दाराजवळचं स्टूल

पडदा वर जातो. समोर अमरावतीतल्या अंबागेटजवळच्या एका शाळेचा वर्ग. साल अठ्ठावन्न. दिवाळीच्या सुट्टीआधीची संध्याकाळ. फळ्यावर सकाळच्या भूमितीचा त्रिकोण अजून पुसायचा राहिलेला. बाकांवर कॉलेजातली दहा-बारा पोरं-पोरी बसली आहेत आणि सगळी एकदम बोलताहेत. टेबलामागे दोन खुर्च्या. एकीवर काळ्या कोटातले वसंतराव वकील घड्याळाकडे बघताहेत. दुसरी रिकामी आहे, कारण आज बाजाराचा दिवस आणि माणिकबाई फुला-भाज्यांच्या दुकानातून उठू शकत नाहीत. आणि तिकडे दाराजवळ, दार उघडलं की झाकला जाईल अशा कोपऱ्यात, एका बुटक्या स्टुलावर धोतर-टोपीतला एक सुकलेला माणूस बसला आहे. तुमची नजर त्याच्यावर जाणार नाही. त्याचीही तीच इच्छा आहे.

मंडळी, आपला नायक तोच. शेषराव लोणीकर, इतिहासाचे मास्तर.

माझी त्यांची ओळख नाटकातली. आमच्या हौशी मंडळीत मी भूमिका करायचो आणि मास्तर प्रॉम्प्टर होते. विंगेत पुस्तक घेऊन बसायचं आणि नट वाक्य विसरला की हळूच शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. वीस वर्षांत त्यांनी तोंडाला रंग लावला नाही, पण त्यांच्याशिवाय आमचा पडदा वर जात नसे. एकदा आमचा मुख्य नट चंद्रभान मुलाच्या मृत्यूच्या प्रसंगात बोलता बोलता गप्प झाला. आम्ही विंगेत घामाघूम. मी मास्तरांना कोपर मारलं, "द्या ना शब्द!" मास्तर हलले नाहीत. चंद्रभान तसाच उभा राहिला, मग एकच वाक्य बोलला, आणि अख्खं थिएटर रडलं. नंतर मास्तर म्हणाले, "तो अडला नव्हता. थांबला होता. थांबलेल्याले शब्द दिला का त्याचं नाटक मरते."

तर आता त्या वर्गात परत येऊ. जमलेली मंडळी म्हणजे 'विद्यार्थी नारू-निवारण मंडळ'. आजच्या मुलांना नारू ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. हा हातभर लांबीचा, दोऱ्यासारखा किडा. दूषित पाणी पिण्यातून पोटात जातो आणि वर्षभराने पायातून फोड फोडून बाहेर येतो. माणूस ऐन पेरणीच्या तोंडावर महिना-महिना खाटेवर पडतो. ज्या गावात पायऱ्यांची विहीर, तिथे नारू. पायाला फोड आलेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो आणि पाणी बिघडतं. उपाय साधा. पाणी जाड कापडातून गाळून प्यायचं.

मंडळ काढलं ते कुंदानं. इंटर सायन्सला होती, पुढे डॉक्टर व्हायचं म्हणायची. आणि तिच्याबरोबर यूसुफ. हा सुदानचा उंचच उंच पोरगा अकोल्याच्या शेतकी कॉलेजात शिकायला आला होता. पहिल्यांदा एका खेड्यात त्यानं नारूचा पाय पाहिला आणि मटकन खाली बसला. म्हणाला, "ये तो मेरी माँ के पाँव में भी था." म्हणून मंडळाच्या घटनेत पहिल्याच कलमात पोरांनी लिहून टाकलं होतं: कार्यक्षेत्र अमरावती, अकोला व सुदान. गावात हसू झालं. पण नोंदणीसाठी विश्वस्त लागतात, आणि तीन माणसं उभी राहिली. वकील, माणिकबाई आणि मास्तर. मास्तरांनी एकच अट घातली. कारभार पोरांचा. विश्वस्तांनी सभेत प्रश्न विचारायचा, हुकूम सोडायचा नाही. वकिलांनी ती मान्य केली, पण शेवटी एक कलम घुसवलं की तीनपैकी दोन विश्वस्तांनी ठरवलं तर कारभार विश्वस्तांच्या हाती येईल.

मी तिथे का होतो? गावात माणसं जमवायला गळ्याचा माणूस हवा होता, म्हणून.

त्या संध्याकाळी ठरलं की दिवाळीच्या सुट्टीत चांदूर रेल्वेपलीकडच्या बोरखेडला जायचं आणि बायांना गाळायचं कापड वाटायचं. कापड कोणतं? बंडू नावाचा तालमीतला आडदांड पोरगा होता, तो म्हणाला, "मांजरपाट. मजबूत असते, स्वस्त असते." सगळ्यांनी हात वर केले. वकिलांनी मान हलवली. दाराजवळच्या स्टुलावरून मास्तरांनीही हलवली.

बोरखेडची विहीर मोठी देखणी, खोल, दगडी पायऱ्यांची. मी वर काठावर उभा राहून दोन गाणी म्हटली, बाया जमल्या, कुंदा समजावून सांगू लागली. बंडू खाली शेवटच्या पायरीवर उभा राहिला, म्हणजे तिथेच घागरीवर कापड बांधून दाखवता येईल. आणि त्यानं त्या पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या मांजरपाटाच्या ताग्याला दातांनी चीर दिली आणि दोन्ही हातांनी फाडलं.

चर्र्र. तो आवाज त्या दगडी विहिरीत घुमला.

वरच्या वाटेवरून एक म्हातारी घागर घेऊन येत होती. मैनाबाई. सगळ्या गावाची मावशी. ती तिथेच थबकली आणि ओरडली, "माय वं! कोन गेलं?"

"कोनी नाई वं मावशी, अमरावतीचे पोरं आलेत!"

"मंग कोरं पांढरं कापड कोनासाठी फाडून राह्यले?"

सगळं गार. आमच्याकडे कोरं पांढरं कापड हातानं टरकावतात ते एकाच वेळी, घरात प्रेत असताना. बंडूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. बारशाला कोणी तेरवीचं बोलत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण शहरात शिकता शिकता माणूस घरची गोष्ट घरी ठेवून येतो. पोरांनी कापड वाटलं. बायांनी घेतलं, कारण दारी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. आठ दिवसांनी आम्ही परत गेलो तेव्हा ते सगळे तुकडे स्मशानाच्या वाटेवरच्या हिवराच्या झाडाला बांधलेले होते. वाऱ्यावर फडफडत होते. एकही घरात गेला नव्हता.

बातमी आमच्या आधी अमरावतीला पोचली. भाजीच्या गाड्यांबरोबर आली ती. बाजारात म्हणे, कॉलेजचे पोरं मढ्याचं कापड वाटून राह्यले.

दुसरा अंक. तोच वर्ग. या वेळी माणिकबाईही आहेत, मोठं कुंकू लावलेल्या, पदर कमरेला खोचलेल्या. वकील उभे आहेत. वकील वाईट माणूस नव्हता हो. त्यांनी फी न घेता मंडळाची सगळी कागदं केली होती. पण त्या दिवशी बार रूममध्ये त्यांची फार टिंगल झाली होती.

"हे लोकांच्या जिवाचं काम आहे, गॅदरिंग नाही," ते म्हणाले. "उद्या त्या गावात आपलं कोणी ऐकणार नाही. डॉक्टर पाठवला तरी पळवून लावतील. मी आज ठराव मांडतो. कारभार विश्वस्तांकडे घ्यायचा, एक पगारी माणूस नेमायचा, पोरांनी सुट्टीत मदत करायची. आणि ते सुदान आजच बंद! घरच्या विहिरीतली घागर निघत नाही, न् निघाले नाईल उपसायला!"

यूसुफला सगळं मराठी कळत नव्हतं, पण नाईल कळलं. त्यानं मान खाली घातली. पुढच्या वर्षी त्याचं शिक्षण संपणार होतं. इथे जे शिकलो ते घेऊन आईच्या गावी जायचं, एवढ्यासाठी तो दर रविवारी अकोल्याहून गाडीत उभा राहून यायचा. कारभार गेला तर त्याचं ते जाणंही गेलं.

"मास्तर," वकील वळले, "तुम्ही इथेच बसला होता. तुम्हाला नाही सुचलं?"

"नाही सुचलं," मास्तर स्टुलावरून म्हणाले. "मी मान हलवली होती. तुम्हीपण."

"माझी गोष्ट वेगळी."

"वेगळी काहून?" माणिकबाई मध्येच बोलल्या. "वकीलसाहेब, तुमी कोर्टात केसा हरल्या असान ना?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"सांगा तं."

"हरलो असेन दोन-चार."

"तवा तुमची सनद कोनं काढून घेतली काय?"

पोरं हसली. वकीलही हसू आवरत होते, पण मागे हटेनात. मास्तर उठले. सभेत ते उठले असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"वसंतराव, होळीपर्यंत थांबा. होळीला बोरखेडच्या घागरींवर कापड दिसलं नाही तर तुमच्या ठरावावर पहिली सही माझी. त्यासोबत राजीनामाही देतो. मग पोरांच्या वाटेत मी येणार नाही आणि तुमच्याही नाही."

हे बोलणं सोपं नव्हतं. मास्तरांचं लेकरू म्हणजे एक विमल, ती लग्न होऊन अकोल्याला गेलेली. बायको आधीच गेलेली. शाळेतून निवृत्ती तोंडावर. नाटकमंडळी बंद पडलेली. त्या माणसाकडे आता ते एक स्टूल उरलं होतं.

वकील बसले. "होळी. त्यापुढे एक दिवस नाही."

पोरं इतकी खचली होती की कोणाला पुढचं वाक्य सुचत नव्हतं. आणि तेव्हा मास्तरांनी, पुन्हा स्टुलावर बसून, तोच विंगेतला हलका आवाज लावला. "घरात कोरं कापड हसत कधी येतं?"

"दिवाळीले," बंडू पुटपुटला.

"लग्नात," कोणीतरी म्हणालं.

कुंदा बराच वेळ फळ्याकडे बघत होती. मग वळली. "संक्रांतीला. वाण म्हणून."

"वाण, ये क्या है?" यूसुफनं विचारलं.

"हल्दी-कुंकू होते ना बेटा," माणिकबाई त्याच्याकडे सरकल्या, "तवा बाया एकमेकीले काई ना काई चीज देतात. वाटी देतात, कंगवा देतात, खण देतात. वाणाची चीज कोनी फेकत नाई. वापरतात, अन् कोनं देल्ली ते साल-साल याद ठेवतात."

यूसुफच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी कोणत्याही रंगमंचावरच्या दिव्यात पाहिलेलं नाही.

मग काय विचारता! उरलेला तागा माणिकबाईंच्या मळ्यात गेला. त्यांचे यजमान नत्थुजी यांनी मोठाल्या काहिली चुलवणावर चढवल्या, आणि मांजरपाट लाल झाला, हिरवा झाला. संत्र्याच्या झाडांवर वाळत घातला तेव्हा बागेला अवेळी मोहर आल्यासारखं दिसत होतं. फाडायचं नाही, कात्रीनं कापायचं, असा कडक नियम. मुलींनी काठ शिवले. बंडूचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले ते महिनाभर गेले नाहीत. तालमीत त्याला सगळे 'हिरवा मारुती' म्हणू लागले.

मास्तर रोज संध्याकाळी मळ्यात यायचे आणि एका उलट्या टोपलीवर बसून असायचे.

आता तिसरा अंक, आणि हाच खरा.

बोरखेडचा मारुतीचा पार. संक्रांत होऊन गेलेली, रथसप्तमी यायची आहे, थंडीचं कोवळं ऊन. कुंदानं निरोप पाठवला होता की हळदीकुंकवाला प्रत्येकीनं आपली घागर घेऊन यावं. बाया आल्या, नटूनथटून, कमरेवर घागरी. पुढे मुली हळदीकुंकवाचे करंडे घेऊन उभ्या. आम्ही पुरुष लांब, कडुनिंबाखाली. मी, यूसुफ, हिरव्या हातांचा बंडू, वकील आणि मास्तर. वकील स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले होते.

कुंदा पहिल्या बाईकडे वळली. तिच्या कपाळाला कुंकू लावणार तोच तिची नजर कडेला गेली. पाराच्या टोकाला, सगळ्यांपासून दूर, मैनाबाई उभी होती. घागर आणली होती तिनं. पण मावशी विधवा, कुंकवाच्या ठिकाणी पुढे कशी येणार? ती काही मागत नव्हती. नुसती उभी होती. आणि जमलेल्या सगळ्या बाया कुंदाकडे नव्हत्या बघत, मैनाबाईकडे बघत होत्या. हिवराच्या झाडाला पहिला तुकडा बांधणारी तीच. ती वळून गेली असती तर तिच्यामागे सगळं गाव गेलं असतं.

आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. वाण सवाष्णींचं असतं, पण नारू काही सवाष्ण बघून येत नाही. गेल्या उन्हाळ्यात मैनाबाईच्याच टाचेतून निघाला होता.

कुंदाचं बोट करंड्यात तसंच राहिलं. कोणाचं तरी लेकरू रडलं तेवढंच.

वकील पुढे सरसावले. "पोरगी अडली. मी जातो, दोन शब्द बोलतो. त्या बाईंना वेगळं देऊ म्हणावं, नंतर."

मास्तरांनी त्यांच्या कोटाचं टोक धरलं.

"बसा."

"अहो, अडली ती!"

"अडली नाही. थांबली आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"अडलेल्याची नजर विंगेकडे येते," मास्तर कुजबुजले. "तिनं आपल्याकडे पाहिलं का एकदा तरी?"

नव्हतं पाहिलं. कुंदा मैनाबाईच्या घागरीकडे बघत होती.

मग ती चालत पाराच्या टोकाला गेली. वाकली. मैनाबाईच्या कपाळाला नाही, मैनाबाईच्या घागरीच्या पोटाला तिनं हळद लावली, कुंकू लावलं, आणि हिरवं कापड घागरीच्या तोंडावर घातलं.

"मावशी, आज वाण घागरीचं आहे. पहिला मान तुमच्या घागरीचा."

"घागरीले काय कुंकू लावतं वं?" मैनाबाई म्हणाली.

"रोज पाणी तीच आणते ना मावशी. सगळं घर तिच्यावर."

म्हातारीनं घागरीकडे पाहिलं. कुंकवाचा टिळा पाहिला. कापडाचा काठ दोन बोटांत चिमटीत धरून पाहिला. सगळं गाव श्वास धरून. मग ती खणखणीत आवाजात म्हणाली, "बरं हाय बाप्पा. घागर तं काई रांडव झाली नाई माही!"

बाया अशा हसल्या, अशा हसल्या! कोणी पदर तोंडाला लावला, कोणी घागर खाली ठेवून हसली. आणि मग एकेक घागर पुढे आली. तिथे बाईच्या कपाळाकडे कोणी बघितलं नाही. घागरी रांगेत होत्या, आणि घागरींमध्ये कोण सवाष्ण, कोण विधवा! मैनाबाईच आता पाराच्या टोकावरून हुकूम सोडत होती. "दुहेरी करजो वं कापड! एकेरी नोको!" मी गाणं म्हणायला गेलो होतो, पण माझी गरज राहिली नव्हती. यूसुफ माझ्या शेजारी उभा होता. स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हमारे यहाँ कुंकू नहीं. मेहंदी है."

वकिलांच्या कोटाचं टोक अजून मास्तरांच्या मुठीत होतं, ते त्यांनी सोडवूनही घेतलं नाही.

होळीच्या दिवशी वकील मला घेऊन बोरखेडला गेले. विहिरीवर न बोलवता, न कळवता, कारण साक्षीदाराला आधी शिकवलेलं त्यांना चालत नसे. पायऱ्यांवरून बाया वर येत होत्या आणि प्रत्येक घागरीच्या तोंडावर लाल नाहीतर हिरवं कापड होतं, दुहेरी, पाण्यानं गडद झालेलं. एका घागरीवर तर जुन्या लुगड्याचा तुकडा होता. वाण पुरलं नव्हतं म्हणून त्या घरच्या सुनेनं स्वतःच शिवला होता. वकील तो तुकडा बराच वेळ बघत राहिले. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "आरोपी निर्दोष."

पुढच्या सभेत त्यांनी स्वतः ते कलम खोडायचा ठराव मांडला. आणि त्या दिवसापासून वकिलांची खुर्ची टेबलामागून निघाली आणि भिंतीकडे सरकली. माणिकबाईंचीही. टेबलाशी पोरं बसू लागली. नारूला माणसाच्या अंगात वर्ष काढावं लागतं, म्हणून खरं उत्तर त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मिळालं. बोरखेडात पेरणीला माणसं उभी होती.

यूसुफ साठ साली सुदानला परत गेला. त्याला सोडायला आम्ही सगळे बडनेऱ्याला गेलो. पोरांनी कापडाचा अख्खा गठ्ठा बांधून आणला होता. यूसुफनं त्यातला एकच तुकडा काढून घेतला, बाकी बंडूच्या हातात परत दिलं. "कपड़ा वहाँ की औरतें खुद चुनेंगी," तो म्हणाला. बंडूचं तोंड पडलं, पण मास्तरांचा चेहरा मी पाहिला. आमच्या सगळ्या प्रयोगांत, सगळ्या टाळ्यांत तो तसा फुललेला मला आठवत नाही. पुढे यूसुफनं तिकडच्या कॉलेजातली पोरं गोळा केली. तिथे म्हणे लग्नाच्या मेहंदीच्या दिवशी नवरीला तिच्या आवडीच्या रंगाचं गाळणं देतात. दर वर्षी इकडची नवी पोरं आणि तिकडची नवी पोरं एकमेकांना काय जमलं, काय फसलं ते कळवत राहिली. पोरं बदलली, तीन विश्वस्त तेच राहिले.

शेवटचा प्रवेश अकोल्याचा. सन सदुसष्ट. विमलच्या घरी पडवीत खाट, खाटेवर मास्तर. आवाज जवळजवळ गेलेला. विमल म्हणायची, "बाबा आयुष्यभर कुजबुजले, आता तेवढंच उरलं आहे." मी दर रविवारी अमरावतीहून जाऊन बसायचो. जुन्या नाटकांची वाक्यं म्हणायचो, मुद्दाम एखादी चुकवायचो, आणि ते ओठ हलवून दुरुस्त करायचे.

त्या दिवशी कुंदा आली. आता डॉक्टर कुंदा. गळ्यात स्टेथोस्कोप. मास्तरांच्या जागी पोरांनी एकमतानं तिला विश्वस्त निवडलं होतं. तिनं नाडी पाहिली, उशी सारखी केली आणि खाली जमिनीवरच बसली.

"मास्तर," ती म्हणाली, "उद्या पहिली सभा. यंदाची पोरं फार हुशार आहेत, फार घाईत आहेत. मला तर सगळं आधीच दिसतं. कुठे चुकतील तेसुद्धा दिसतं. मी कशी गप्प बसू? काय करू मी तिथे?"

मास्तरांनी डोळे मिटले. विमल पुढे झाली. मलाही वाटलं, संपलं. पण कुंदानं हात वर करून आम्हाला थांबवलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिला कळलं होतं की हा माणूस अडलेला नाही.

बाहेर टांगा गेला. मास्तरांनी डोळे उघडले, मान थोडी तिच्याकडे वळवली, आणि त्याच विंगेतल्या आवाजात, शेवटच्या रांगेला न ऐकू येणाऱ्या पण नटाला नेमक्या पोचणाऱ्या आवाजात म्हणाले,

"मधोमध नको बसू, बेटा. दाराशी बस."